हात न लावण्याचा नियम

देवराम सकपाळांना 'सर' म्हणायचं की नाही, यावरून आमच्या स्टाफरूममध्ये एकदा चांगलीच जुंपली होती. ते प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, बेडकाच्या सांगाड्यावरची धूळ झटकणं हे त्यांचं काम. मुलं त्यांना सर म्हणायला लागली तर उद्या घंटा देणाऱ्यालाही म्हणतील, असं आमच्या भूगोलाच्या विदुषींचं मत पडलं. मी म्हटलं, "म्हणू देत की. तुमचं काय कमी होतंय?" माझं तोंड हे असं आहे. भोईरबाईंच्या नादी सहसा कुणी लागत नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. आता तेवढा राहिलेला नाही. ज्या माणसाची बाजू घेऊन मी त्या दिवशी भांडले, त्याच माणसाशी पुढे मी खोटं बोलले. एकच वाक्य. त्या वाक्यापायी आमच्या आठवीतल्या एका मुलीचा डावा डोळा गेला. देवरामना हे माहीत नव्हतं, आणि त्यांना सांगावं की गप्प बसावं या घोळात मी दीड वर्ष काढलं.

आमची शाळा कोपरीतली, मराठी माध्यमाची. मी लागले तेव्हा आठवीच्या सहा तुकड्या होत्या, आता एक आहे आणि तीही भरत नाही. देवराम मूळचे वागळे इस्टेटमधले फिटर. पत्रा दाबायची प्रेस-मशीनं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला, त्या जागी काचेची इमारत आली, आणि हे आमच्याकडे कंत्राटावर काचेच्या नळ्या धुवायला आले. राहायला कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीत. घरी ते आणि रमाबाई दोघंच, मुलगी लग्न होऊन बदलापूरला. मोडकी वस्तू समोर असली की या माणसाला जेवण जात नसे. स्टाफरूमचा पंखा, मुख्याध्यापकांची डुगडुगणारी खुर्ची, माझ्या स्कूटीचा स्टँड, कुणी न सांगता दुरुस्त व्हायचं. पंख्याखाली मान तिरकी करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, याचं बेअरिंग बोलतंय." आम्हाला काही ऐकू यायचं नाही.

त्या वर्षी मुख्याध्यापक एक पत्रक घेऊन आले. 'युक्तिसंघ' नावाची स्पर्धा. सात मुलांचा एक संघ, त्यांना एक अडचण दिली जाते, आणि पाच महिन्यांत त्यांनीच डोकं लढवून तिच्यावर उपाय शोधायचा, यंत्र बांधायचं आणि पंचांसमोर चालवून दाखवायचं. शाळेचं नाव होईल, पट वाढेल, असं मुख्याध्यापकांचं गणित. सोबत नियमांचं पुस्तक होतं, चौतीस पानांचं, सगळं इंग्रजीत. "हे कोण वाचणार?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी म्हटलं, "द्या इकडे."

इथे एक कबूल करते. इंग्रजी मला येतं, पण ओढत ओढत येतं. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. विज्ञानाची पदवी मी कशी घेतली ते माझं मला माहीत. पण ज्या बाईच्या तोंडाला सगळे दबकून असतात, तिने इंग्रजी पुस्तकाला घाबरावं हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. चार संध्याकाळी बसून मी बारा पानं वाचली. पुढे तक्ते, गुण, फॉर्म असं काहीबाही दिसलं. मी ठरवून टाकलं की कामाचं संपलं. बारा पानांचं सार दोन पानांत मराठीत लिहिलं, झेरॉक्स काढली आणि वाटली. मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि मी ते ठेवून घेतलं.

त्या दोन पानांतला सगळ्यात मोठा नियम होता बाहेरच्या मदतीचा. मोठ्या माणसाने काहीही सुचवायचं नाही. वस्तूला हात लावायचा नाही, एक स्क्रूसुद्धा आवळायचा नाही. प्रश्न विचारता येतील, पण ज्याच्या पोटात उत्तर आहे असा प्रश्न नाही. शेवटी 'आम्ही कोणतीही मदत केलेली नाही' अशा कागदावर मोठ्यांनी सही करायची. नियम मोडला तर संघ बाद. कागदोपत्री मार्गदर्शक मी होते, पण मुलं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत काम करणार, म्हणजे रोज त्यांच्याबरोबर देवराम. माझी दोन पानं घडी घालून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. पाच महिने ती तिथेच होती.

पहिल्या आठवड्यात त्या माणसाचे हाल बघवत नव्हते. बंटी नावाचा आमचा एक तोंडाळ मुलगा करवत अशी धरायचा की लाकडाआधी टेबल कापलं जावं. देवराम स्टुलावर बसायचे, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. "काका, बरोबर आहे ना?" बंटी विचारायचा. देवराम म्हणायचे, "असंच कापलंस, मग काय होईल?" "मग तुटेल." "मग काय होईल?" बंटी डोकं खाजवायचा आणि करवत दुसऱ्या हातात घ्यायचा. एवढा एकच प्रश्न त्यांना सापडला होता, आणि तो त्यांनी पुरवून पुरवून वापरला. दिवाळीपर्यंत मुलं आपसात भांडतानाही 'मग काय होईल' म्हणायला लागली होती.

त्या स्पर्धेत आणखी एक प्रकार असतो. आयत्या वेळी एखादी वस्तू देतात आणि पाच मिनिटांत तिचे जमतील तेवढे उपयोग सांगायचे. सरावासाठी देवराम रोज काहीतरी आणायचे. एकदा फुटका माठ आणला. बंटीने धडाधडा सुरुवात केली, स्टंप, हेल्मेट, कुत्र्याचं घर. संघातलाच सुदेश म्हणाला, ढोल. मागे रुचिता बसली होती. काटकुळी, अबोल पोर. वडील गेलेले, आई दर्शना कोपरीतच पोळीभाजी केंद्र चालवते. वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आत तोंड घालून रडायला. बाहेर आवाज नाही जात."

कुणी हसलं नाही. देवरामनी नेहमीचं विचारलं, "मग काय होईल?"

"मग बरं वाटेल, सर."

त्यांना सर म्हणणारी ती पहिली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणायला लागले आणि आमच्या स्टाफरूममध्ये ते भांडण झालं. देवराम मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "बाई, बावीस वर्षांत मला कुणी सर म्हटलेलं नाही. मी नियम जरा जास्तच सांभाळीन आता." मला तेव्हा ते फार गोड वाटलं.

अडचण अशी दिली होती की पूर आला आहे, पलीकडच्या गावाला औषधाचा डबा पोचवायचा आहे, वीज नाही, बॅटरी नाही. यंत्राने डबा साडेतीन मीटर पलीकडे टाकायचा. मुलांनी भंगारवाल्याकडून छातीचा व्यायाम करायच्या जुन्या स्प्रिंगा आणल्या, दोन. प्लायवूडची चौकट, मध्ये लाकडी दांडा, दांड्याला डबा. दांडा मागे ओढून खिळीने अडकवायचा. खीळ काढली की स्प्रिंगा दांडा पुढे फेकणार. कल्पना रुचिताची. चित्र तिने काढलं, मापं तिने घेतली, आणि खीळ काढायचं कामही तिने आपल्याकडे ठेवलं. डबा पहिल्यांदा दोन मीटर गेला, तेव्हा प्रयोगशाळेतून जो कल्ला झाला तो मी खालच्या मजल्यावर ऐकला.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी, मधल्या सुट्टीत, देवराम माझ्याकडे आले. मी चाचणीचे पेपर तपासत होते.

"बाई, एक बोलायचं होतं. स्प्रिंग ज्या हुकात अडकवलीय ना, त्या हुकाचं तोंड उघडं आहे. ताण आला की तो सरळ होत जाणार. कधीतरी सुटणार."

"मुलांना विचारलंत?"

"तीनदा विचारलं. हूक सरळ झाला तर काय होईल, म्हटलं. बंटी म्हणतो, मग दुसरा लावू. खेचताना कोण कुठे उभं राहणार, म्हटलं. रुचिता म्हणते, मी इथे, इथूनच खीळ निघते. याच्यापुढे विचारलं तर उत्तरच सांगितल्यासारखं होतं."

"मग झालं तर. सुटला तर गुण जातील. शिकतील त्यातून."

ते उभेच राहिले. मग म्हणाले, "बाई, कारखान्यात पण असा नियम असायचा. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही. पण लाल बटण असायचं. ते कुणीपण दाबायचं, झाडूवाल्याने पण. त्याला कुणी विचारायचं नाही. तसं काहीतरी यांच्या पुस्तकात असणार. असल्याशिवाय नियम करतच नाहीत. तुम्ही तेवढं बघता का एकदा?"

पुस्तक माझ्या कपाटात होतं, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. तो गठ्ठा उचलायला एक मिनिट लागलं असतं. उरलेली बावीस पानं चाळायला, अगदी माझ्या चालीने, एक संध्याकाळ. पण मी ती वाचलेली नाहीत हे मला आठवलं, आणि आठवलं म्हणून राग आला. तो राग मी त्यांच्यावर काढला.

"देवराम, पुस्तक मी पूर्ण वाचलंय. असं काहीही नाहीये त्यात."

"बरं," ते म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी त्यांनी मदत न केल्याच्या कागदावर सही केली. माझी सही त्याच्यावर आधीच होती.

स्पर्धा घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या शाळेत होती. आम्ही टेम्पोत यंत्र घातलं आणि मागे मुलं. कापूरबावडीला तासभर अडकलो, पोचलो तेव्हा आमचं नाव पुकारून झालं होतं. हात जोडून दुसऱ्यांदा पुकारायला लावलं. तपासायला आलेल्या दोन मुलींनी घाईघाईत आकार मोजला, बॅटरी नाही ना बघितलं, यादीवर खुणा केल्या. शेजारच्या संघाचं यंत्र काचेसारखं चकचकीत. पडद्यामागे त्यांच्यातल्या एकाचे वडील ड्रिल मशीन घेऊन बसलेले मी स्वतः पाहिले. देवरामनीही पाहिले आणि तोंड फिरवलं. "त्यांचं त्यांच्यापाशी," म्हणाले.

जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीच्या आत मुलं, बाहेर आम्ही. पहिला डबा तीन मीटरवर पडला. दुसरा साडेतीनच्या पुढे गेला, आणि त्या थंडगार हॉलमधली परकी माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. बंटी नाचत होता. रुचिताने देवरामांकडे पाहिलं आणि हसली. ती तशी हसते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मुलांनी दांडा आणखी मागे ओढला. देवराम माझ्या शेजारी पुटपुटले, "नको रे पोरांनो." एवढंच, आणि तेही त्यांनी माझ्याकडे बघून, घाबरून, हळू म्हटलं. रुचिता खीळ काढायला वाकली.

आवाज फारसा झाला नाही. डबा जागचा हलला नाही. रुचिता खाली बसली, दोन्ही हात तोंडावर घेऊन, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सर, काय झालं?"

देवराम पुढे झेपावले आणि पिवळ्या पट्टीपाशी थांबले. मी ते पाहिलं आहे, म्हणून लिहिते. पट्टीच्या अलीकडे त्यांचा पाय उचललेला तसाच होता. पंच बाई ओरडली, "अहो सर, या ना आत!" तेव्हा कुठे ते गेले आणि त्यांनी पोरीला उचललं.

डोळा वाचला नाही. हूक सरळ होऊन स्प्रिंग सुटली होती आणि तिचं टोक आत गेलं होतं. डॉक्टरांनी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. दर्शना हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसली होती, हाताला कालचं पीठ तसंच. ती रडत नव्हती. देवरामांना म्हणाली, "दादा, तुम्ही फिटर ना? तुम्हाला नाही दिसलं?"

"दिसलं होतं, ताई," देवराम म्हणाले. "आठ दिवस दिसत होतं. पण हात लावायची मनाई होती. कुठल्याच मोठ्या माणसाने लावायचा नाही, असा नियम होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो का, बाई?"

मी मान डोलावली.

ती म्हणाली, "नियमच असेल तर तुम्ही तरी काय करणार." तिने कुठेही तक्रार केली नाही. तक्रार नाही म्हणून चौकशी नाही. आयोजकांनी दिलगिरीचं पत्र पाठवलं, मुख्याध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सगळ्यांनी तो विषय बंद केला.

मी त्याच आठवड्यात गठ्ठा उचलून पुस्तक काढलं. तेविसाव्या पानावर होतं. मुलांच्या जिवाला किंवा अंगाला धोका दिसला तर जवळच्या मोठ्या माणसाने ताबडतोब काम थांबवावं, हवं तर स्वतः हात घालावा, ती बाहेरची मदत धरली जाणार नाही, गुण कापले जाणार नाहीत. तीन ओळी. एकही कठीण शब्द नव्हता. मी पुस्तक परत ठेवलं आणि वर गठ्ठा ठेवला.

पुढचं दीड वर्ष देवराम दर महिन्याच्या एका शुक्रवारी अर्धी रजा टाकून रुचिताला हॉस्पिटलला नेत होते. दर्शनाला केंद्र बंद ठेवून जमत नव्हतं. आधी जखमेसाठी, मग कृत्रिम डोळ्याच्या मापासाठी, मग तो बसवायला, मग तो टोचतो म्हणून. परत आल्यावर दर्शना त्यांना पाट मांडून जेवायला वाढायची. कल्याणहून रमाबाई कधी लोणचं पाठवायच्या, कधी सुकट. रुचिता नववीत गेली, दहावीत गेली. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे मी पुस्तकातून शिकवते. ती पाणी ओतताना ग्लासाच्या बाहेर ओतते, हे मी बघते. प्रयोगाच्या तासाला ती दाराजवळ बसते आणि काही हातात घेत नाही. मुलं तिच्या डाव्या बाजूने आली की दचकते. आणि देवराम? त्यांनी दुरुस्त्या सोडल्या. स्टाफरूमचा पंखा आता आम्हालाही ऐकू येईल इतका वाजतो, ते त्याच्याखालून मान खाली घालून जातात. कुणी त्या दिवसाबद्दल विचारलंच, तर त्यांचं एकच उत्तर असायचं, "नियम होता." ते हे कुरकुरत म्हणत नसत. त्या दोन शब्दांच्या आधाराने त्यांना दोन घास जात होते, झोप लागत होती, दर्शनाच्या घरात पाय ठेवता येत होता. मला हे दिसत होतं. म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी माझ्यासाठी गप्प राहिले.

यंदा ऑगस्टमध्ये युक्तिसंघाचं पत्रक पुन्हा आलं. मुख्याध्यापकांनी ते फाडून टाकायला हवं होतं. त्यांनी ते स्टाफरूमच्या फळ्यावर लावलं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर देवराम माझ्या टेबलापाशी आले. हातात वहीचा कागद, रेघेवर नीट अक्षर.

"बाई, मी त्या लोकांना पत्र लिहिलंय. मराठीत आहे. तुम्ही इंग्रजी करून द्याल का?"

मी वाचलं. 'माननीय आयोजक, स. न. वि. वि. आपल्या नियमांत एक ओळ घालावी ही विनंती. मुलांच्या अंगाला धोका असेल तर जवळच्या मोठ्या माणसाला हात लावायची परवानगी असावी व त्यासाठी संघास बाद करू नये. आमच्या शाळेत एका मुलीचे नुकसान झाले. मी तेथे उभा होतो. ही ओळ असती तर झाले नसते. दुसऱ्या कोणाचे होऊ नये.' खाली सही, देवराम सकपाळ, प्रयोगशाळा परिचर.

"काही चुकलंय का?" त्यांनी विचारलं.

मी कागद खाली ठेवला. हे पत्र इंग्रजीत करून देणं मला जमलं असतं, टपालात टाकते म्हणून फाडणंही जमलं असतं. दोन्ही माझ्या मनात येऊन गेलं. मग मी उठले, कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि तेविसावं पान त्यांच्यासमोर उघडून त्या तीन ओळी मराठीत वाचून दाखवल्या.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "यंदा घातलं हे?"

"नाही. हे तेव्हाचंच पुस्तक आहे."

"आधीपासून छापलेलं होतं?"

"हो. मी वाचलं नव्हतं, देवराम. मी बारा पानंच वाचली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी इतक्या लोकांवर ओरडले आहे, मला ती भाषा कळते. ते समोरच्या खुर्चीवर बसले. पुस्तकातल्या न कळणाऱ्या त्या ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"म्हणजे मी हात लावू शकत होतो," ते म्हणाले.

"देवराम, चूक माझी..."

"आठ दिवस लावू शकत होतो. पट्टीपाशी थांबलो, तेव्हा पण जाऊ शकत होतो." मग त्यांनी मान वर केली. "मी दर्शनाताईंना सांगितलं, मनाई होती. त्यांच्या घरी जेवतो मी. ते खोटं निघालं, बाई."

"ते खोटं माझं आहे. तुमचं नाही."

"सांगितलं तर मीच ना." ते उठले. पत्राचा कागद त्यांनी टेबलावरच राहू दिला. "चला. आता केंद्रावर असतील त्या. दोघं जाऊन सांगू."

मी घड्याळाकडे पाहिलं. मी, भोईरबाई, जिच्या तोंडाला सगळे दबकून असतात. मी म्हटलं, "आज उशीर झालाय हो. उद्या जाऊ."

सव्वापाच वाजले होते. केंद्र शाळेपासून सात मिनिटांवर आहे. देवराम दारात थोडा वेळ थांबले, माझी वाट पाहत. मग एकटे गेले.

सोमवारी रुचिता स्टाफरूमच्या दारात आली. आत यायची तिला सवय नाही. "बाई, सर शुक्रवारी केंद्रावर आलेले, पुस्तकातलं सगळं सांगायला," ती म्हणाली. "आईने त्यांना परत पाठवलं. म्हणाली, पुन्हा नका येऊ. ते गेले. आता हॉस्पिटलला मी एकटी जाणार." तिचा कृत्रिम डोळा सरळ माझ्यावर होता, आणि खरा जमिनीकडे. "आईने विचारलंय, तुम्ही कधी येणार?"

"येते गं," मी म्हटलं.

"कधी सांगू?"

"सांग, येते म्हणून. जा आता, तास सुरू झाला."

देवराम अजून रोज येतात, नळ्या धुतात, मला नमस्कार करतात. कुणी विचारलं तर नियमाचं नाव घेत नाहीत. शर्ट त्यांना ढगळ व्हायला लागला आहे. मला दर्शनाची भीती वाटते, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण तोंडाने अजून कुणाला सांगितलेलं नाही. या सगळ्याला आता पाच आठवडे झाले. दर सोमवारी रुचिता दारात येऊन तेवढंच विचारते, आणि मी अजून गेलेले नाही.